शिंगांवरचा अनुस्वार

प्रुफं तपासणाऱ्या माणसाला गोष्ट दिसत नाही, नुसत्या चुका दिसतात, असं त्या प्रकाशन संस्थेत सगळे म्हणायचे. ताईंच्या बाबतीत तर ते सोळा आणे खरं होतं. कादंबरीत खून पडला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही, पण त्या खुनातला 'खू' ऱ्हस्व छापला गेला असता तर त्या खुर्चीतून ताडकन उठल्या असत्या. खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. हातात लाल पेन आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. त्या नसल्या की कचेरी सुनीसुनी वाटायची.

त्या वर्षी प्रकाशकांनी शाळकरी मुलांसाठी एक कादंबरी छापायला घेतली. लेखिका टोपणनावानं लिहायची. हस्तलिखित टपालानं आलं, प्रुफंही टपालानंच जायची-यायची, त्यामुळे ताईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. गोष्ट एका मुलीची होती. ती हळू बोलते, हळू चालते, म्हणून वर्गातली एक पुढारी पोरगी तिचं नाव 'गोगलगाय' ठेवते आणि सगळा वर्ग तिला त्याच नावानं छळतो. ताईंनी पहिली आठ प्रकरणं दोन दिवसांत हातावेगळी केली. सत्तेचाळीस चुका निघाल्या. प्रकाशकांना त्या म्हणाल्या, "बाई लिहिते बरी, पण अनुस्वारांशी तिचं जुनं वैर दिसतंय."

ताईंची लेक बारा वर्षांची. शाळा सुटली की ती आईच्या कचेरीत येऊन बसायची आणि तपासून झालेली पानं वाचून काढायची. त्या दिवशी ती आधी खुदुखुदु हसत वाचत होती. मग एका पानावर अडली.

"आई, ही तुझी गोष्ट आहे."

"माझी? मी कधी गोष्टी लिहिल्या?"

"लिहिलेली नाही गं. केलेली."

लेकीनं पान पुढे सरकवलं. त्यात हजेरीचा प्रसंग होता. बाई त्या मुलीचं नाव पुकारतात. ती 'हजर' म्हणायच्या आत अख्खा वर्ग डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरतो, आवाज न करता, म्हणजे हजेरीपटात नाक खुपसून बसलेल्या बाईंना कळायलाच नको.

ताईंनी लाल पेनाला टोपण घातलं. शाळेत असताना ही शिंगांची शक्कल त्यांनीच काढली होती. घरी पाहुणे आले की हा किस्सा त्या हमखास सांगायच्या, बोटं डोक्यावर धरून. लेकीनं तो इतक्या वेळा ऐकला होता की तिला तो पाठ होता. आणि हसायची तीही.

"पुढचं वाचू?" लेकीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वाचलं, "'त्या दिवसापासून तिनं हजर म्हणणं सोडून दिलं. बाईंनी सलग अकरा दिवस तिची गैरहजेरी मांडली. घरी पत्र गेलं. वडील म्हणाले, रोज दप्तर घेऊन निघतेस, मग जातेस तरी कुठे?'" तिनं मान वर केली. "हे तू कधीच सांगितलं नाहीस."

"मला माहीतच नव्हतं," ताई म्हणाल्या. आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांनी सांगितलं की लेखिका मंगळवारी स्वतः येतेय, शेवटच्या प्रकरणावर समोरासमोर बसून बोलायला. ताईंना लगेच कणकण वाटू लागली. मंगळवारी सकाळी त्यांनी कपाळाला बाम चोळला आणि कण्हायला सुरुवात केली.

"आई, मला सर्दी झाली तरी तू ढकलून शाळेत पाठवतेस," लेक म्हणाली आणि तिनं आईच्या चपला दारात आणून ठेवल्या.

लेखिका आली ती जिना धडधड चढत. उंच, आवाज खणखणीत. ताई मनातल्या मनात म्हणाल्या, ही नव्हेच! तेवढ्यात ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"अक्षर तसंच आहे गं तुझं. तुझा 'ळ' अजून कोलांटी मारतो. पहिल्या प्रुफावरच ओळखलं मी."

ताईंच्या हातातलं पेन टेबलावर गडगडलं. "मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू या, ही कुठल्या ओळीवर थांबते. हजेरीच्या प्रसंगाची मी वाटच बघत होते. पान परत आलं, बघते तर काय? 'शिंग'वर अनुस्वार दिलेला. बस्स!"

आणि ती खो खो हसली. ताईंना हसावं की रडावं कळेना, त्यामुळे दोन्ही झालं. पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. त्या अकरा दिवसांचं मला कालपरवा कळलं, तेही लेकीनं वाचून दाखवलं म्हणून. माफ कर म्हणायलाही तोंड नाही."

"तोंडाची तुला कधी कमतरता नव्हती," लेखिका म्हणाली. मग हळूच बोलली, "बरं वाटलं ऐकून. खरंच. आता कामाचं बोलू. शेवट कसा वाटला?"

शेवटी ती पुढारी पोरगी सगळ्या वर्गासमोर ढसाढसा रडून माफी मागते, असं होतं. ताईंनी पान उलटंसुलटं केलं.

"हे खोटं आहे. मी नव्हते रडले. त्या वर्षी मला काय वाटत होतं, सांगू? काहीच नाही. तुला शिंगं दाखवायची आणि डबा खायच्या सुट्टीपर्यंत विसरायचं. तू घरी जाऊन काय सोसत असशील, हे डोक्यातच आलं नाही."

लेखिकेनं ते पान स्वतःकडे ओढून घेतलं. "मला वाटायचं, तू रोज ठरवून येतेस. घरी बसून बेत करतेस. मी तुला केवढी मोठी करून ठेवली होती!"

"बेत कसले! माझा गृहपाठसुद्धा कधी ठरवून झाला नाही."

त्या दोघी मग दुपार टळेपर्यंत त्या प्रकरणाला भिडल्या. रडारड गेली. नव्या शेवटात पुढारी सगळं विसरून जाते आणि ती मुलगी मात्र शेजारच्या वर्गातल्या एका बडबड्या मैत्रिणीच्या जोरावर एके दिवशी मोठ्यानं 'हजर' म्हणते, इतक्या मोठ्यानं की बाईंच्या हातून पेन पडतं. छपाईसाठी सगळी पानं जुळवून झालेली होती, त्यामुळे प्रकाशकांनी डोक्याला हात लावला. वाचून झाल्यावर मात्र तो हात त्यांनी हळूच खाली घेतला.

पुस्तक आलं आणि मुलांनी ते उचलून धरलं. एका शाळेत वाचनाचा कार्यक्रम ठरला. लेखिकेनं ताईंनाही ओढत नेलं. वाचन संपल्यावर एकानं विचारलं, "ती पुढारी खरी आहे का?"

लेखिका शेवटच्या रांगेकडे बघू लागली. ताई उठून उभ्या राहिल्या. "आहे की. ही काय, मीच ती."

सभागृहातल्या सगळ्या माना मागे वळल्या. मग पुढून कुणीतरी विचारलं, "तुम्हाला शिक्षा झाली का?"

"चालूच आहे, बाळा. हिचे अनुस्वार दुरुस्त करतेय."

हशा पिकला. निघताना दोन वेण्यांची एक मुलगी त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "तुम्हाला गैरहजेरीचं कळलं असतं तर तुम्ही थांबला असता?"

ताईंना पटकन हो म्हणता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "खात्रीनं नाही सांगता यायचं गं. पण कुणीतरी मला सांगायला हवं होतं, एवढं नक्की."

मुलीनं मान डोलावली. "मग मी सांगतेच," ती म्हणाली आणि पळाली. कुणाला सांगणार होती, कुणासाठी, ते ताईंना कळलं नाही. लेखिका फाटकापाशी उभी राहून हाका मारत होती. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तिच्या पिशवीत होतं आणि त्यातल्या एका स्वल्पविरामावरून दोघींचं सकाळपासून वाजत होतं.