तो भाग माझा

नोखायानं तीन दिवस खपून ज्वारीची बिअर आंबवली, आणि तिन्ही दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ठणकावून सांगितलं, "मी तिच्याशी एक अक्षर बोलणार नाही!"

"मग एवढं पिंपभर कुणासाठी गं?" शेजारच्या मामटोलोनं विचारलं.

"पितरांसाठी. त्यांनी काय माझं घोडं मारलंय?"

ती म्हणजे नोमवुझो, नोखायाची धाकटी बहीण. गाणारी. पोर्ट एलिझाबेथच्या भरसभेत तिनं दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या सरकारला गाण्यातून चांगलं सुनावलं, मग कार्यक्रमासाठी परदेशी गेली, आणि मागे सरकारनं दार लावून घेतलं. एकोणतीस वर्षं! तिच्या तबकड्या घरात ठेवणंसुद्धा गुन्हा. पोलीस आले, आईचा ग्रामोफोन उचलून घेऊन गेले. मासळीच्या कारखान्यातली नोखायाची नोकरी गेली. तेही तिनं गिळलं असतं. पण आई गेली तेव्हा कबरीत माती लोटायला पोटची म्हणून ती एकटीच होती. बहिणीला येऊ दिलं नाही, हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण सरकारवर माणूस किती रागावणार? त्याला कुठं काय वाटतंय! बहिणीला निदान लागेल तरी.

आता सरकार नमलं होतं, बंदी उठली होती. शनिवारी दुपारी मण्यांच्या माळा घातलेल्या बायकांनी गल्ली नुसती फुलली. गाडी थांबली आणि पिकल्या केसांची एक जाडजूड बाई उतरली. चाल थेट आईची. नोखायानं मुद्दाम पाठ फिरवली आणि बिअर गाळायला घेतली. बिअर सकाळीच गाळून झाली होती, उरला होता नुसता चोथा, ती गोष्ट वेगळी.

या घरची रीत ठरलेली. लांबून आलेल्यानं फाटकाशी उभं राहून गाणं धरायचं, घरातल्या थोरल्यानं उत्तराची ओळ द्यायची, मगच आत पाऊल. इतकी वर्षं ती ओळ आईची होती. आता थोरली नोखाया.

नोमवुझोनं आईचंच गाणं धरलं. "चूल पेटली का गं, चूल पेटली का?"

काय तो आवाज! अंगावर काटा आला. सगळ्या बायका नोखायाकडे बघायला लागल्या. ती आपली गाळतेय.

मग नोमवुझोनं आवाज खाली आणला आणि उत्तराची ओळही स्वतःच म्हटली, "पेटली गं, ये घरी." पुन्हा वर जाऊन विचारलं, पुन्हा खाली येऊन स्वतःलाच उत्तर दिलं. कुठं अडखळणं नाही. श्वास घ्यायची जागासुद्धा ठरलेली.

नोखायाचा हात थांबला. हे काही आज सुचलेलं नव्हतं. एवढी वर्षं ही बया परक्या मुलखात एकटीच विचारत होती आणि एकटीच स्वतःला "ये घरी" म्हणत होती. नोखायाला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून संतापही आला.

"ए! गप बस!" हातातली गाळणी तशीच घेऊन ती फाटकाकडे धावली. "लाज नाही वाटत? तो भाग माझा आहे!"

"मग म्हण ना, सिसी," नोमवुझोनं लहानपणी ताईला मारायची तीच हाक मारली. "कधीची उभी आहे."

नोखायानं ओळ म्हटली. आवाज चिरका, सूर भलतीकडेच, डोळ्यांना धार. पण म्हटली. लगेच अख्ख्या गल्लीनं ती उचलली, बायका टाळ्या पिटत नाचायला लागल्या, आणि गाळणीतला चोथा सगळा नोमवुझोच्या परदेशी बुटांवर.

"काय गं," मामटोलो गर्दीतून ओरडली, "एक अक्षर बोलणार नव्हतीस ना?"

"बोलतेय कुठं? गातेय!" नोखाया म्हणाली, आणि बहिणीच्या दंडाला धरून तिनं तिला आत ओढलं.