धूरतपासणीचा दिवस

मित्रांनो, माझे वय सतरा वर्षे. तुमच्यात या वयाला कोवळे म्हणतात. आम्हा गाड्यांत याच वयात भंगारवाला कुंपणावरून डोकावू लागतो. मी राखाडी रंगाची, चार दारांची एक जुनी मोटारगाडी आहे.

मोठ्या कारखान्यात यंत्रांच्या हातांनी ठिणग्या उडवत माझे पत्रे जोडले. मला घरी आणले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणते. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. शेजारी म्हणत, "गाडी आहे की आरसा!" बाबा मला मऊ फडक्याने पुसत आणि जरा कुठे थांबावे लागले की माझे इंजिन बंद करत. चाक जितके कमी फिरेल तितके कमी झिजेल, हे घड्याळांनी त्यांना शिकवले होते.

पुढे रंग विटला. लेक बसने जाऊ लागली. मी महिनोन्‌महिने पत्र्याच्या छपराखाली उभी राहिले आणि उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या.

मग एका सकाळी लेकीची आई स्वयंपाकघरात कोसळली. तिची उजवी बाजू लुळी पडली. आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी तिला रुग्णालयात न्यायचे ठरले आणि मला छपराखालून बाहेर काढले. माझे आसन तिला बरोबर उंचीचे होते. दार धरायचे, वळायचे, टेकायचे आणि मग डाव्या हाताने उजवा पाय उचलून आत घ्यायचा, हे शिकायला तिला दोन महिने लागले. "एकही खेप चुकवू नका, हात पुन्हा आखडेल," असे डॉक्टरांनी बजावले होते.

नेमका तेव्हाच माझ्या तपासणीचा शेवटचा दिवस आला. नापास झाले तर दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावर यायची मला बंदी.

मेकॅनिकने ब्रेक, दिवे, टायर सगळे पाहिले आणि बाबांना सांगितले, "काका, इथून थेट तपासणी केंद्रावर जा. गाडी गरम राहू द्या." बाबांनी मान डोलावली. पण तापलेली गाडी म्हणजे आजारी गाडी, हे त्यांच्या डोक्यात इतके पक्के बसले होते की ते शब्द डोक्यावरून गेले.

तपासणी केंद्रावर दीड तासाची रांग होती. लेक कागदपत्रे घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. इकडे बाबा मला एका गाडीइतके पुढे सरकवत, इंजिन बंद करत आणि बॉनेट उघडून वर्तमानपत्राने वारा घालत. मला समजत होते, पण सांगणार कशी? माझ्या पोटाखाली, धुराच्या वाटेवर, एक जाळीदार डबा आहे. विषारी वायू त्यातून जाताना बराचसा निरुपद्रवी होतो. मात्र डबा चांगला तापल्याशिवाय हे काम करत नाही. आणि तो गार पडत चालला होता.

दिवे पास झाले. ब्रेक पास झाले. मग तपासनिसाने माझ्या धुराच्या नळीत त्याची नळी घातली. पडद्यावरचा आकडा चढत गेला, मर्यादा ओलांडून थांबला.

"नापास. आजोबा, आता निरोप द्या हिला."

बाबा पुढे झाले. "अहो, उद्या हिला रुग्णालयात न्यायचंय. म्हणजे माझ्या बायकोला."

तपासनिसाने बॉनेटवर हात ठेवला. "एवढं गार? रांगेत बंद ठेवली होती का?"

"प्रत्येक वेळी. वारासुद्धा घातला."

"वारा घातला? गाडी आहे की जावई?" तो हसला आणि त्याने घड्याळाकडे पाहिले. "साडेचारला मशीन बंद होतं. तापवून आणा, एकदाच बघतो."

चार वाजले होते.

"बाबा, चावी द्या," लेक म्हणाली.

"मी चालवतो की."

"तुम्ही तिला जोरात पळवणार नाही. द्या."

बाबा आईच्या जागेवर बसले. लेकीने मला चढाच्या रस्त्याला घातले, तेही दुसऱ्या गिअरमध्ये. सतरा वर्षांत मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते. एखादी जुनी नळी फुटली तर? बाबांनी दाराची मूठ घट्ट धरली होती.

"गिअर बदल गं. रडतेय ती."

"रडत नाहीये, बाबा. काम करतेय."

चार वाजून बावीस मिनिटांनी आम्ही परतलो. या वेळी इंजिन चालूच राहिले. पुन्हा नळी. आकडा चढला, रेंगाळला आणि रेषेच्या खालीच थबकला. तपासनिसाने तो दोनदा वाचला.

"पास. एक वर्ष."

दुसऱ्या दिवशी आई वेळेवर व्यायामाला पोहोचली. हल्ली बाबा आठवड्यातून एकदा तिला चढाच्या रस्त्याने नेतात. "घाई आहे का?" आई विचारते. "हिलाही व्यायाम सांगितलाय," असे बाबा म्हणतात, पण चेहरा अजून कसनुसा करतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण नुसत्या मायेने जपू नका. त्यांना काय मानवते ते जाणत्याला विचारा आणि त्याचे ऐका. माझ्या काचेवर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवली आहे. मी ती रोज आतून, उलटी वाचते.