माशांचं अत्तर

मला मासेमारीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तरी त्या रविवारी सकाळी मी तलावाच्या मधोमध, डुगडुगणाऱ्या होडीत, हातात रॉड धरून बसले होते. माझ्या भावाची कंबर धरली होती आणि नवऱ्याला एकटं पाण्यावर सोडायला माझा जीव धजत नव्हता.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. गेल्या वर्षी तिथेच, काउंटरमागे, छातीत कळ येऊन कोसळले. हृदयाच्या नळीत स्प्रिंग घातली. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "सिगारेट बंद म्हणजे बंद. एकसुद्धा नाही. पुढचा झटका आला तर माझ्या हातात फारसं काही उरणार नाही." यांनी कानाला खडा लावला. मी तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून आहे. मी कपड्यांच्या दुकानात शर्ट-पँट मापाप्रमाणे करून देते. यांचा फोन लगेच उचलला गेला नाही की माझी सुई कापडाऐवजी बोटात जाते.

माझ्या धाकट्या भावाला सगळं घर गुरुजी म्हणतं, कारण त्याच्याकडे पाणी मागितलं तरी तो आधी पाण्याविषयी माहिती देतो. सिगारेटच्या जागी यांच्या हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून त्याने यांना बास पकडायला शिकवलं. बास हा भल्यामोठ्या तोंडाचा, महासंशयी मासा. त्याच्यासाठी गळाला मऊ प्लास्टिकचं गांडूळ लावतात आणि त्या गांडुळाला बाटलीतलं एक तेल चोळतात. त्यात लसूण असतो, बडीशेप असते आणि बाकी काय असतं ते मला जाणून घ्यायचं नाही. आम्ही त्या बाटलीला अत्तर म्हणतो. फ्रिजच्या दारापासून यांच्या उशीपर्यंत सगळीकडे अत्तर! मी नाक मुरडायचे, पण आतून बरं वाटायचं. धुरापेक्षा लसूण परवडला. हल्ली तर हे दुकानातून आले तरी हातांना तोच वास असायचा. "जेवणाच्या सुट्टीत गळांचा डबा आवरत होतो, अत्तर लागलं," म्हणायचे. माणसाला एवढा नाद लागला म्हणून मी खूश.

गुरुजीचं या विषयावरचं व्याख्यान मला पाठ आहे. "ताई, अत्तराने मासा लांबून येत नाही गं. येतो तो गांडुळाची वळवळ बघून. तोंडात घेतलं की त्याला प्लास्टिक कळतं आणि तो थुंकतो. अत्तर असलं तर क्षणभर जास्त धरून ठेवतो. त्या क्षणात रॉड खेचायचा. सगळा खेळ तेवढाच." दुसरं म्हणजे, तो गांडुळांना कुणाला हात लावू द्यायचा नाही. बोटांना साबण, पेट्रोल, तंबाखू, कसलाही वास असला की मासा थुंकणार, असं त्याचं म्हणणं. स्वतः काठच्या चिखलाने हात घासायचा आणि सगळ्यांचे गळ स्वतःच तयार करायचा. यांना आजवर नुसता तयार रॉड हातात मिळत आला होता.

त्या दिवशी गुरुजी घरी कंबर शेकत पडलेला. आमचे आम्हीच.

धक्क्यावर पोहोचल्यावर हे "वल्ही घेऊन येतो" म्हणून शेडमागे गेले ते गेलेच. मी हाका मारल्या. शेवटी आले ते हातांना अत्तर चोळतच. तोवर मी भावाच्या फोनवरच्या हुकमाप्रमाणे कोपरापर्यंत चिखल फासून हात धुतले होते.

"गुरुजींची चेली!" म्हणून हे हसले.

वल्ही मीच मारली, कारण यांना जोर करायची मनाई आहे. वेताच्या झुडपांजवळ थांबलो. मी माझं गांडूळ गळाला लावलं, अत्तराचं बोट फिरवलं आणि फेकलं. दोरीला टुक्‌ झालं, मी खेचलं आणि बघते तर खरोखरच मासा! मी एवढ्या जोरात किंचाळले की पलीकडची बदकं उडाली.

यांचं मात्र जमेना. टुक्‌ व्हायचं, हे खेचायचे आणि गळ रिकामा यायचा. "घेतोय आणि सोडतोय साला." त्यांनी हिरवं गांडूळ काढून काळं लावलं. काळं काढून तपकिरी. "इथे नको, त्या खडकापाशी चल." खडकापाशी गेलो. "इथे ऊन आहे, सावलीत चल." सावलीत गेलो. यांचा गुडघा एकसारखा हलत होता आणि त्याबरोबर सगळी होडी. माझा दुसरा मासा आला, मग तिसरा. मला मजा वाटायला हवी होती, पण मी यांच्या कपाळावरचा घाम बघत होते. मन थाऱ्यावर नव्हतं.

"दुखतंय का कुठे?"

"काही दुखत नाही! तुझं बघ."

"जागा तीच, गांडूळ तेच, अत्तर तेच. मग मला का लागतायत?"

"नशीब तुझं."

आमचं नशीब मला चांगलं ठाऊक आहे. "हाताला काय लागलंय तुमच्या?"

"कुठे काय? साबण असेल."

"सकाळी साबण संपलाय म्हणून तुम्हीच ओरडत होतात."

मी यांचा रॉड ओढून घेतला. गांडूळ काढून टाकलं, गळ पाण्यात घासला, माझ्या हातांनी नवीन गांडूळ लावलं. "फेका. पण त्याला बोट लावायचं नाही."

यांनी फेकलं. जराशाने टुक्‌ झालं, आणि या वेळी माशाने सोडलं नाही. रॉड धनुष्यासारखा वाकला. आमचे हे लहान पोरासारखे हसायला लागले, "आला, आला, जाळी धर!" जाळीत आला तो दिवसातला सगळ्यांत मोठा मासा. हे धापा टाकत हसत होते, माझ्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचं हसू विरलं. मला काय कळलं ते त्यांना कळलं होतं.

मी त्यांचा हात ओढून नाकाशी धरला. लसूण, बडीशेप. नुसतं अत्तर. त्याच्याखाली काय आहे ते माझ्या नाकाला कळेना. माशाला कळत होतं.

"गळांचा डबा उघडा."

"अगं, तसं काही नाही..."

"उघडा म्हणते ना!"

गांडुळांच्या पिशव्यांखाली, अगदी तळाच्या कप्प्यात, पाकीट होतं. तेलाने डागाळलेलं, अर्धं संपलेलं.

"रोज नाही ओढत," हे पाण्याकडे बघत म्हणाले. "एखादी. दुकानामागे. हात थरथरायला लागतात गं, काच बसत नाही फ्रेममध्ये. तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

"मी आता झोपते असं वाटतं तुम्हाला?"

मग माझा तोल सुटला. म्हटलं, मी तुमच्या उशीला तो घाणेरडा वास सहन केला, कारण मला वाटलं हा माणूस जगायला शिकतोय. तो एवढासा मासा प्लास्टिक थुंकतो, आणि मी अक्कलशून्य बाई, लसणाच्या वासावर तुमचं खोटं इतके दिवस तोंडात धरून बसले. मला भीती वाटते हो. तुमचा फोन वाजत राहतो तेव्हा मी दुकानातल्या बायकांसमोर हसत असते आणि आत मेलेली असते. एवढं बोलून मी रडले. जाळीतला मासा फडफडत होता, त्याचंही भान आम्हाला नव्हतं. शेवटी यांनीच तो अलगद पाण्यात सोडला.

मग त्यांनी पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं. "घे. टाकून दे."

मी पाकिटाला हात लावला नाही. अत्तराची बाटली उचलली, बूच घट्ट लावलं आणि पर्समध्ये टाकली.

"ती कशाला?" हे बावचळले. "त्याशिवाय मासा धरून ठेवत नाही."

"नको ठेवू दे. पाकिटाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आज काढून घेतलं तर उद्या दुसरं आणाल. पण यापुढे हात जसे असतील तसे घरी आणायचे. त्यांना काही चोळायचं नाही."

ते पाकीट हातात धरून बसून राहिले. गुडघा हलतच होता. मी वल्ही मारायला लागले. वाटेत त्यांनी ते पाण्यात बुडवून चुरगळलं आणि चोथा परत डब्यात कोंबला, तळ्यात कचरा नको म्हणून. मी वल्ही मारतच राहिले. शाबासकी द्यावी असं काही घडलेलं नव्हतं.

धक्क्याला लागल्यावर हे आधी उतरले आणि मला उतरवायला हात पुढे केला. मी आधी वास घेतला. पाण्याने लसूण बराचसा गेला होता, आणि खाली तंबाखू होता, आता मलाही कळेल इतका स्पष्ट. संताप आला. पुन्हा रडू आलं. धक्क्यावर दोन्ही पाय टेकले तरी मी तो हात धरूनच उभी राहिले, आणि हे म्हणाले, "अगं, सोड आता, लोक बघतायत," तरी सोडला नाही.