झिपरीची वाळू

“कुत्रं आत न्यायचं न्हाई, मावशी. बोर्ड वाचा,” असं म्हणत रखवालदारानं नदीकाठच्या बागेच्या फाटकात काठी आडवी धरली, तेव्हा महादेवीनं बोर्ड वाचला. नुसता वाचला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. फुलं तोडू नयेत, थुंकू नये, कुत्री आणू नयेत. मग तिनं फाटकाच्या आत नजर टाकली. घाटाच्या नव्याकोऱ्या पायऱ्यांवर एक गडी नदीच्या पाण्यानं मोटारसायकल धूत होता. त्याच्या खालच्या पायरीवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा खोका आणि थर्माकोलच्या ताटल्या पडल्या होत्या. दोघे बाप्ये कठड्याला रेलून गुटख्याच्या पिचकाऱ्या थेट गोदावरीत सोडत होते. ह्या सगळ्यांना बोर्ड लागू नव्हता. तो लागू होता फक्त झिपरीला, आणि ती बिचारी मागचे पाय थरथरवत फाटकाशी उभी होती.

“दादा, ती नदी कुणाची हाय?” महादेवीनं विचारलं. रखवालदारानं सांगितलं की नदीचं त्याला ठाऊक नाही, त्याची नेमणूक फाटकावर आहे. महादेवीनं साखळी आवळली आणि ती मागं फिरली, पण फिरताना त्या पिचकारीवाल्यांना चार शब्द सुनावायला विसरली नाही.

महादेवी म्हणजे गरीब गाय नव्हे. चाकूर तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात तिनं सगळी नोकरी नर्सबाई म्हणून काढली. लस टोचायच्या दिवशी पाटलाच्या सुनेलाही रांगेत उभं करणारी बाई. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हा लेकानं, रविकिरणनं, तिला नांदेडला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. झिपरीला सोडून येत नाही, अशी तिची अट होती, आणि लेकानं ती मान्यही केली होती.

झिपरी म्हणजे साधं कुत्रं नाही. लातूरकडची पश्मी, शिकारी जात. लांब तोंड, आत गेलेलं पोट, कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे झुपकेदार केस, म्हणून नाव झिपरी. माळावर ससा दिसला की ही अशी सुटायची की बघणाऱ्याची मान वळेपर्यंत ती सशासकट पलीकडच्या बांधावर पोचलेली. अशा जनावराला नांदेडला काय मिळालं? पार्किंगमधला खांब. सोसायटीचे चेअरमन अमृतराव, बिल्डिंग मटेरियलचा मोठा धंदा असलेला माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निरोप धाडला की कुत्रं लिफ्टमध्ये चालणार नाही, हिरवळीवर चालणार नाही, मोकळं तर मुळीच चालणार नाही. खाली बांधा आणि बांधूनच ठेवा. रविकिरण म्हणाला, आई, आपल्याला इथं राहायचंय. म्हणून वर्षभर झिपरी गुळगुळीत फरशीवर खांबाला बांधलेली राहिली. सकाळ-संध्याकाळ साखळीनं रस्त्याच्या कडेकडेनं फेरी, एवढंच तिचं पळणं.

दसऱ्याच्या सुमाराला ती उठता उठता फरशीवर घसरून पडली आणि बराच वेळ उठेना. जनावरांच्या डॉक्टरानं तिचे पाय दाबून बघितले, मांड्या चाचपल्या. म्हणाला, “हिला रोग काही न्हाई हो सिस्टर. हिला पार्किंग बाधलंय.” मागच्या पायांतलं मांस पार झडलं होतं. त्याचं म्हणणं, औषधानं हे भरून येणार नाही. हिला पाण्यात पोहू द्या, मऊ वाळूत मोकळं पळू द्या, पाय धरतील. नाही तर पावसाळ्यापर्यंत ही बसेल ती बसेलच.

तेव्हापासून महादेवीला एकच ध्यास. थोडं पाणी, थोडी वाळू आणि जिथं साखळी काढता येईल अशी जागा. मागणं काय मोठं होतं? आख्खी गोदावरी गावातून वाहते. पण घाटावर बोर्ड. मैदानावर गेली तर फिरायला येणाऱ्या बायका साखळीतलं कुत्रं बघूनही किंचाळल्या. मग सुनेनं, अक्षरानं, फोनवर शोधून एक रिसॉर्ट काढलं, जिथं म्हणे कुत्र्यांना आनंदानं घेतात. गेले सगळे रविवारी गाडी काढून. तिथं झबली घातलेली बारकी कुत्री कडेवर घेऊन लोक फोटो काढत होते. झिपरी तिथल्या स्विमिंग पुलाकडं ओढ घेऊ लागली, तसा मॅनेजर धावत आला. हिचे केस फिल्टरमध्ये अडकतील, मॅडम, आणि साखळी सोडू नका, बाकीचे पाहुणे घाबरतात. महादेवी त्याला म्हणाली, पाहुणे घाबरतात तर त्यांना साखळी लावा.

जागा शेवटी सापडली ती बालाजीमुळं. बालाजी त्यांच्या नाक्यावरचा ऑटोवाला. बाकीच्यांनी कुत्रं बघून मान फिरवली, ह्यानं मागच्या सीटवर पोतं अंथरलं. त्याच्या गावाखाली नदी वळण घेते, तिथं वाळूचा लांब पट्टा आहे, कडेला त्याच्या मावशीची, पारूबाईची वांगी आहेत, असं त्यानं सांगितलं, आणि घेऊनही गेला.

पारूबाई वांग्यांना पाणी देत होती. महादेवीनं रीतीप्रमाणं विचारलं, कुत्रं सोडलं तर चालेल का. पारूबाई तिच्याकडं बघतच राहिली. “सोड की बाई. नदी काय माझ्या बापाची हाय?” एवढ्या दिवसांत कुणी असं बोलेल म्हणून महादेवीचे कान आसुसले होते. तिनं वाकून साखळीचा आकडा काढला.

झिपरीला आधी कळेचना. ती साखळीच्या लांबीएवढीच पुढं गेली आणि थांबली, मागं वळून बघत. महादेवीला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. काय करून ठेवलंय ह्या जनावराचं, माणसांनी आणि त्यात मीही आलेच, असं तिच्या मनात आलं. मग झिपरीनं एक पाऊल टाकलं, आणखी एक, आणि लंगडत, धडपडत ती पाण्यात शिरली. पाण्यानं तिचं ओझं उचललं. लांब तोंड तेवढं वर धरून ती पोहू लागली.

मग हे नेमानंच सुरू झालं. दिवाळी त्यातच आली आणि गेली. झिपरीचीही तऱ्हा ठरून गेली. वाळूवर पोचली की आधी पुढच्या पायांनी खड्डा उकरायचा, त्या ओल्या गार खड्ड्यात कुशीवर पडायचं, जरा वेळानं उठायचं आणि थेट पाण्यात. त्या वाळूत बारीक गुलाबी शिंपल्यांचा चुरा होता, तो तिच्या कानांच्या केसांत अडकायचा आणि महादेवी रात्री फणीनं काढत बसायची. पाय धरू लागले. एका सकाळी बगळा उठला म्हणून झिपरी त्याच्यामागं धावली, खरी धावली, चारही पाय जमिनीवरून सुटले. पारूबाईनं हातातली पाटी खाली ठेवून बघितलं. त्या दिवशी तिनं बजावलं की सटीला वांगी माझ्याच मळ्यातली न्यायची.

सट म्हणजे चंपाषष्ठी, खंडोबाचा सण. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं त्या दिवशी भरीत होऊन पानात येतं. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, देवाला नैवेद्य, आणि देवाच्या मागोमाग पहिला घास कुत्र्याला. कुत्रं देवाचं. त्यानं खाल्ल्याशिवाय घरातल्या माणसानं तोंडात काही घालायचं नाही.

सट चार-सहा दिवसांवर आली असताना महादेवी बालाजीच्या ऑटोतून उतरली आणि जागच्या जागी उभी राहिली. वाळूच नव्हती. जिथं झिपरी पळायची तिथं काळ्या पाण्यानं भरलेले खोल खड्डे होते आणि काठापर्यंत टिप्परच्या चाकांचे चर पडले होते. पारूबाईची वांग्याची कड तुटून खाली आली होती, झाडं मुळं उघडी टाकून लोंबकळत होती. एकेका झाडाला वांगी अजून तशीच. पारूबाई त्या कडेला बसून राहिली होती. रातोरात आले, म्हणाली. नावं विचारायला गेलेल्या तिच्या दिराला त्यांनी गाडीखाली घालायची भाषा केली. गाड्यांच्या मागं ‘जय मल्हार’ लिहिलं होतं, एवढं तिला दिसलं. नांदेडात निम्म्या टिप्परांवर जय मल्हारच लिहिलेलं असतं. ह्यावरून कुणाला धरायचं?

महादेवीनं झिपरीची साखळी सोडलीच नाही. खड्ड्यात पाय गेला तर वर येणं माणसालाही जमलं नसतं. झिपरी पाण्याकडं ओढत होती आणि महादेवी तिला मागं खेचत होती. घाटावरच्या रखवालदाराचं काम आज तिला स्वतःला करावं लागत होतं. असल्या माणसांना देव बघतो म्हणतात, कधी बघतो कोण जाणे.

ती परत आली तर सोसायटीच्या हिरवळीशेजारी वाळूचा मोठा ढीग. अमृतराव सटीसाठी खंडोबाचा ओटा बांधून घेणार होते, त्याची ही वाळू. महादेवी ढिगापाशी गेली, मूठभर वाळू घेतली, पसरली. गुलाबी शिंपल्यांचा चुरा. तिनं तशीच मूठ मिटली आणि तडक अमृतरावांचं दार वाजवलं.

अमृतरावांनी तिला आत बसायला सांगितलं, चहा विचारला. ती बसली नाही. मूठ उघडून म्हणाली, ही कुठली वाळू ते मला ठाऊक आहे. एका बाईचा मळा बुडवून आणलीत. अमृतराव हसले. “मावशी, वाळूवर काय कुणाचं नाव लिव्हलेलं असतं का?” वर आणखी म्हणाले, देवाचं काम आहे, देवाच्या कामात खोट काढू नये. घरी रविकिरणनं हात जोडले. आई, त्यांच्याशी वैर नको, आपल्याजवळ पुरावा काय आहे? महादेवीनं लेकाचं ऐकलं, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. झिपरी पुन्हा खांबाला आली. सटीपर्यंत तिचे पाय पुन्हा थरथरू लागले.

सटीच्या दुपारी ओट्यावर तळी उचलली गेली, भंडारा उधळला, सगळी सोसायटी पिवळी झाली. आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की खांबाची झिपरी सोडली तर आसपास कुत्रंच नाही. अमृतरावांनीच दिवाळीआधी कुठून तरी गाडी मागवून आसपासच्या गल्ल्यांतली कुत्री उचलून न्यायला लावली होती. स्वच्छ सोसायटी, सुरक्षित सोसायटी. आता महादेवीकडं मागायला नको म्हणून चेअरमन ताट घेऊन गल्लीगल्लीत फिरत होते आणि पलीकडच्या वस्तीत जी एकदोन उरली होती ती त्यांना बघूनच पळत होती. वर गॅलरीत त्यांची म्हातारी आई, नीलम्मा, सकाळपासून पाण्याच्या घोटावाचून बसली होती. कुत्र्यानं देवाचा घास खाल्ल्याशिवाय सटीला ती कधीच जेवली नव्हती आणि आजही जेवणार नव्हती.

महादेवीची बेल वाजली. दारात अमृतराव, अनवाणी, कपाळभर भंडारा, हातात पितळेचं ताट. “मावशी, तेवढं तुमचं कुत्रं,” म्हणाले, आणि ताट जरा पुढं केलं.

दार त्यांच्या तोंडावर आपटावं असं तिला मनापासून वाटलं. पण नीलम्माला साखरेचा आजार होता, उपाशी राहून ती पडली असती, आणि नर्सबाईला ते बघवलं नसतं. शिवाय घास देवाचा होता. ती म्हणाली, “माझ्या माहेरी बांधल्या कुत्र्याला देवाचा घास देत न्हाईत. मोकळी सोडावी लागंल.”

“सोडा की. आज कोण काय म्हणून राहिलंय?”

“कालपण कोण काय म्हणत नव्हतं, अमृतराव. तुम्हीच म्हणत व्हता.”

खाली सगळे जमले होते. महादेवीनं खांबाजवळ बसून झिपरीच्या गळ्यातला आकडा काढला आणि साखळी हाताला गुंडाळली. झिपरी ताटाकडं गेली नाही. तिनं नाक वर केलं, कान उभारले आणि मागचे पाय ओढत हिरवळीशेजारी उरलेल्या वाळूच्या ढिगाकडं निघाली. दोनदा घसरली, वर चढली. पुढच्या पायांनी उकरून तिनं खड्डा केला, त्यात कुशीवर पडली. बायका हसल्या. जरा वेळानं ती उठली, ढिगावर उभी राहिली आणि तोंड फिरवून पाणी शोधू लागली.

अमृतराव ताट सावरत ढिगावर चढले. अनवाणी पाय घोट्यापर्यंत आत गेले. त्यांनी रोडग्याचा तुकडा भरीत लावून तिच्या तोंडाशी धरला. झिपरीनं त्यांच्या हाताच्या बाजूनं मान काढून पलीकडं बघितलं.

“खाईना ओ, मावशी.”

“खाईल,” महादेवी म्हणाली. “पण ती आधी पोहती, मग खाती. वाळू तुम्ही आणली. आता नदी दाखवा तिला.”

वर गॅलरीत नीलम्मा कठड्याला धरून उभी राहिली होती. अमृतराव घास तसाच पुढं धरून वाळूत उभे होते आणि झिपरी त्यांच्या पलीकडं, पार्किंगच्या फरशीवर धुऊन ठेवलेल्या, अजून निथळणाऱ्या गाड्यांकडं बघत होती. तिच्या कानाच्या केसांत शिंपल्याचा चुरा अडकला होता.