ठसा गिळलेला रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे, आणि साऱ्या चांदा जिल्ह्यात माझ्याइतका भित्रा रंधा तुम्हाला शोधूनही सापडायचा नाही. पोटात एवढं धारदार पातं बाळगणाऱ्याने घाबरावं, याचं तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण लाकडात लपलेला खिळा कधी तुमच्या दाताखाली आला आहे का? मेजावरून फरशीवर कधी तोंडघशी पडलात का? माझ्यावर हे दोन्ही प्रसंग आले, आणि तेव्हापासून मी जी धास्ती घेतली ती घेतलीच.

माझं अंग बिजा लाकडाचं. मूल गावाकडच्या एका म्हाताऱ्या सुताराने ते घडवलं. पातं नागपूरच्या बाजारातून आलं होतं आणि ते काही केल्या माझ्या पोटात बसेना. म्हातारा पाचर ठोकायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा आणि मला शिव्या द्यायचा. शेवटी एकदाचं ते बसलं. १९५५ साली जंगलपट्टीतल्या एका हायस्कुलात सुतारकामाचा वर्ग निघाला, तेव्हा इतर हत्यारांबरोबर गोणपाटात गुंडाळून मला तिथे पाठवण्यात आलं.

शाळेच्या मागे कौलारू पडवी होती. तीच आमची कार्यशाळा. सहा मेजं, लाकूड आवळून धरणारे सहा लोखंडी शिकंजे आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात काढलेली आकृती. सुट्टीची घंटा झाली की ज्याने त्याने आपापल्या आकृतीत जाऊन लटकायचं. माझी जागा करवतीशेजारी होती. ती दिवसभर खरखर करायची, पण तिला कशाचीही भीती वाटायची नाही. मला तिचा हेवा वाटे.

आमचे मास्तर गुणवंतराव गुरुजी. आवाज मोठा, मन मऊ. मुलाने केलेली वस्तू समोर आली की ते आधी ती उलटी करत. "वरून दिसते ते तं सगळेच घासते. खालून दाखव, बाबू," असं म्हणत आणि तळावरून बोट फिरवत. वरून चकचकीत आणि खालून कुसळं निघालेली वस्तू घेऊन कितीतरी मुलं पडलेल्या चेहऱ्याने मेजाकडे परत गेलेली मी पाहिली आहेत.

गुरुजींचा आणखी एक नियम होता. आमच्याकडे सागवान सरकारी डेपोतून यायचं. डेपोतल्या प्रत्येक फळीवर जंगलखात्याच्या हातोड्याचा ठसा असे, त्यात अक्षरं आणि आकडे खोल उमटलेले असत. ठसा आहे तर लाकूड कायद्याचं, ठसा नाही तर चोरीचं. म्हणून गुरुजी सांगत, ठशाची बाजू नेहमी वस्तूच्या पोटाखाली घ्यायची आणि तेवढ्या जागेला रंधा लावायचा नाही. त्या भागात लहान पोरालाही ठशाची किंमत माहीत होती.

कोलूला तर जरा जास्तच माहीत होती. कोलू कुरखेड्याकडच्या एका जंगलगावचा, शाळेच्या वसतिगृहात राहणारा. त्याचा बाप मंगरू याने एकदा नांगरासाठी दांडी आणली होती. तिच्यावर ठसा नव्हता. नाकेदाराने त्याला दोन दिवस नाक्यावर बसवून ठेवलं होतं. नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. त्याची खाकी टोपी दिसली की गावातले लोक घरात शिरत. दोन दिवसांनी परत आलेला बाप आठवडाभर कोणाशी बोलला नव्हता. ही गोष्ट कोलूने एकदाच, मला तेल लावता लावता, शेजारच्या मुलाला सांगितली होती.

पहिल्या दिवशी कोलूने माझा जीवच घेतला. गावातले सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या अंगठ्याने दाबून काम करतात. हाही तसाच बसला, फळी अंगठ्याखाली धरली आणि मला सपकन पुढे लोटलं. माझं पातं त्याच्या अंगठ्यापासून दोन बोटांवर येऊन थांबलं! मी पार गारठलो. गुरुजी धावत आले. "अरे, पायाले काऊन कामाले लावतं? शिकंजा कशाले दिला तुले?" पुढे दोन महिने त्याला उभं राहून रंधा मारायला शिकवण्यात गेले. पण एकदा हात बसल्यावर काय सांगू! माझ्या तोंडातून असे लांब, पातळ पापुद्रे निघायचे की बाकीची मुलं ते कानात अडकवून नाचायची. पहिल्या वर्षी आमच्या वर्गाने प्राथमिक शाळेला बाकं करून दिली, दुसऱ्या वर्षी दवाखान्याला स्टुलं. गावचे लोक येऊन हात फिरवून बघत. कौतुक झालं की मला आणखीच भीती वाटे, कारण कौतुकानंतर माणूस बेसावध होतो.

१९५८ साली चांद्याला जिल्ह्यातल्या शाळांच्या हस्तकामाचं प्रदर्शन भरणार होतं. पहिल्या दोन मुलांना नागपूरच्या तंत्रशाळेत जागा मिळणार होती, राहण्याजेवणासकट. कोलू अकरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता. ही जागा मिळाली नाही तर परीक्षेनंतर परत गाव, बिडीसाठी तेंदूपानं तोडणं, आणि हातातली कला तिथेच संपणार. त्याने मांडी घालून लिहायचं उतरतं डेस्क करायला घेतलं. एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचा पाडून बसवलेले. दीड महिना आम्ही दोघे त्याच्यावर राबलो.

निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपारची शाळा सुटल्यावर, कोलू एकटाच पडवीत थांबला. त्याने डेस्क उलटं केलं, तळावरून बोट फिरवलं आणि मला उचललं. गुरुजी तपासतात तसे परीक्षकही तपासतील, हेच त्याच्या डोक्यात होतं. हात भरभर चालत होता. आणि एकाएकी माझ्या पात्याखाली लाकूड खडबडलं. तो ठसा होता.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर सारं गाव गोळा केलं असतं! पण रंध्याला तोंड असतं ते फक्त खाण्यासाठी. पहिल्या फेरीत ठशाच्या कडा गेल्या, पण आपल्याच नादात असलेल्या कोलूच्या ते ध्यानात आलं नाही. सहाव्या फेरीला तिथे काही नव्हतं. कोलूने समाधानाने हात फिरवला, आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याच्या तळव्याला घाम सुटला, तो माझ्या मुठीला लागला.  मग त्याने भराभर पापुद्रे गोळा केले, विहिरीमागे नेऊन पेटवले आणि आल्यावर मला माझ्या आकृतीत टांगलं. कोणाला काही सांगितलं नाही.

सकाळी मोटारीत चढताना गुरुजींनी विचारलं, "ठसा जाग्यावर आहे, पायलं ना, बाबू?"

"हो, गुरुजी," कोलू म्हणाला.

परीक्षकांसमोर फळी रंधून दाखवायची होती, म्हणून मीही त्याच्या मांडीवरच्या झोळीत होतो. त्याचे पाय इतके थरथरत होते की मला वाटलं, मोटारच खराब आहे. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज नाक्यावर कोणी नसू दे.

नाक्यावर बांबू आडवा होता. सोमाजी नाकेदार खोपटापुढे चूल पेटवून चहाचं पाणी उकळत बसला होता. पिकलेल्या मिशांचा, सावकाश चालणारा माणूस. त्याने टपावरचं डेस्क खाली उतरवायला लावलं. गुरुजींनी डेपोची पावती पुढे केली. त्याने ती वाचली, डेस्क उलटं केलं, आणि त्याची बोटं तळावरून फिरली.

"मास्तर, ठसा कुठी आहे?"

गुरुजी हसतच खाली वाकले. मग त्यांचं हसू गेलं.

"पावतीवर आकडा आहे, लाकडावर नाई," नाकेदार म्हणाला. "पावती एका फळीची अन् माल दुसऱ्या फळीचा, असे लई लोक येते इथी. माल जप्त करा लागन. अन् केस होईन."

मोटारीतले लोक खिडक्यांतून माना काढून बघू लागले. गुरुजींनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. "केस करायची तं माझ्यावर करा, भाऊ," ते म्हणाले. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "माल शाळेचा आहे. पोराचा काई संबंध नाई."

मी कोलूच्या हातात होतो. त्याने झोळीवरूनच माझी मूठ आवळून धरली होती. त्याचा एक पाय रस्त्याच्या कडेकडे वळला. दहा पावलांवर जंगल सुरू होत होतं, आणि ते त्याच्या ओळखीचं होतं. एकदा आत गेला असता तर दहा नाकेदारांना सापडला नसता. मला त्याच्या बापाची नाक्यावरची गोष्ट आठवली. खरं सांगतो, मला वाटलं, पळ! मी असा भित्रा.

कोलू पळाला नाही.

"मी छिलला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की नाकेदाराने पुन्हा विचारलं. "मी छिलला ठसा. याच रंध्यानं. खालून साफ दिसावं म्हणून. गुरुजीईले माहीत नाई. मी त्याईले खोटं सांगितलं."

त्याने मला झोळीतून काढून नाकेदारापुढे धरलं. 

"ठसा मिटवणं म्हणजे काय, ठाऊक आहे तुले?" नाकेदाराने विचारलं.

"आहे. माह्या बापाले बसवलं होतं तुमच्या लोकाईनं."

नाकेदाराने डेस्क आपल्याकडे ओढलं. मग म्हणाला, "कुठी होता ठसा? बोट ठेव. बरोब्बर तिथीच ठेव, नाई तं याद राख."

कोलूने बोट एका जागी टेकवलं. नाकेदाराने चुलीवरचं भांडं उचललं, आपलं उपरणं उकळत्या पाण्यात बुडवलं आणि त्या जागेवर दाबून धरलं. "बावीस वर्सं हातोडा मारून राह्यलो मी," तो म्हणाला. "घाव वरच्यावर नाई राहत. खालचं लाकूडबी दबते. तुह्या रंध्यानं वरचं खाल्लं, दबलेलं आतच आहे. गरम पाणी प्यालं का ते फुगून वर येते. आलं तं तू खरा. नाई आलं तं मास्तरलेबी इथीच बसा लागन."

मग आम्ही थांबलो. मोटारवाल्याने भोंगा वाजवायचं सोडून दिलं. नाकेदाराने दोनदा उपरणं पुन्हा भिजवलं.  मी तर किती खोल खाल्लं होतं ते आठवायचा प्रयत्न करत होतो आणि मला आठवत नव्हतं.

उपरणं उचललं. गुळगुळीत सागवानावर आधी एक रेघ वर आली. मग तिच्याशेजारी वाकडा तीन, आणि मग अर्धं अक्षर. नाकेदाराने पावती त्याच्याशेजारी धरली आणि आकडे बोटाने जुळवले. कोलू मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. गुरुजींनी त्याला उठवलं नाही. तेच त्याच्याजवळ मातीत बसले.

"घेऊन जा," नाकेदार बांबू वर करत म्हणाला. "अन् पोट्ट्या, खरं बोलून बोट ठेवलं नसतं तं मी काई सारं डेस्क पाण्यात बुडवलं नसतं."

प्रदर्शनात परीक्षकांनी डेस्क उलटं केलंच. तळाला तो डाग आणि वर आलेले आकडे पाहून त्यांनी कारण विचारलं. कोलूने सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. तळाचे गुण कापले गेले. संध्याकाळी यादी वाचली, तेव्हा पहिलं नाव दुसऱ्याच शाळेच्या मुलाचं होतं. दुसरं कोलूचं.

तो नागपूरला गेला. मी पडवीत राहिलो. पुढे नवी हत्यारं आली, माझं पातं झिजून बोटभर उरलं, आणि आता भिंतीवरच्या माझ्या आकृतीत दुसराच लोखंडी रंधा लटकतो. मी फडताळात असतो. वाळवीची भीती आहे, ओलीची भीती आहे. सवय जाते थोडीच!

तुम्ही मला तेल लावा, पातं पुसून ठेवा, हे मी सांगणारच, म्हाताऱ्याने सांगावं तसं. पण मित्रांनो, एवढं विसरलात तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. आम्ही हत्यारं मुकी. आम्हाला हाती धरून तुमच्याकडून काही बिघडलं, तर ते आम्हाला दिसतं, पण सांगता येत नाही. तेव्हा भीती वाटली तरी, पाय लटपटत असले तरी, ते तुम्ही सांगा. आमच्या वाटचंही सांगा.