खालच्यांचं छत

आमची मुलगी जन्मल्यापासून जमिनीला टेकली नव्हती. कधी बायकोच्या मांडीवर, कधी सासूबाईंच्या, आणि दोघींचे हात भरून आले की माझ्या. हौसेनं आणलेल्या पाळण्यात घडी केलेले टॉवेल तेवढे सुखानं निजत होते.

बायकोचं कारण मला ठाऊक होतं. आमचा पहिला मुलगा दूध पिऊन पाळण्यात झोपला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही. पण तेव्हापासून हिच्या मनानं एकच घेतलं होतं, की हातातून सोडलं म्हणजे गेलं. बसल्या बसल्या डुलक्या काढून तिचे डोळे खोल गेले होते. परवा तर डुलकीत बाळ मांडीवरून घसरलं. मी शेजारीच होतो म्हणून झेललं. असंच चाललं तर ज्याला ही भीत होती तेच तिच्या हातून व्हायचं.

सासूबाईंचं कारण वेगळंच. त्या डोंगरातल्या. त्यांच्या लोकांत नवं बाळ खाली ठेवण्याआधी जमिनीला सांगतात, की ही अमकीची लेक, आजपासून तुझ्या अंगावर निजणार. जमीन म्हणजे त्यांच्या लेखी घरातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला न विचारता तिच्या मांडीत पोर टाकायचं नाही. मी म्हटलं, मग सांगून टाका, ही काय फरशी. त्यांनी फरशीवर हात ठेवला, जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ही कुठली जमीन, जावईबापू? हे तर खालच्यांचं छत आहे."

मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर मोटारी, दोर आणि अडकलेल्या माणसांच्या शिव्या. घरी येऊन आणखी हे ऐकायचं म्हणजे माझं डोकंच फिरलं. हिची भीती कमी होती म्हणून आईनं त्यात तेल ओतलं! रागाच्या भरात बोलून गेलो, की मग खालच्यांनाच जाऊन विचारा. सासूबाईंनी लगेच पायात चपला सरकवल्या. आता मागे हटायची सोय नव्हती.

रविवारची दुपार होती. बाळाला हिच्याजवळ ठेवून आम्ही नवव्या मजल्यावरून जिना उतरू लागलो. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. तुमच्या छतावर आमची नात निजेल, चालेल का, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या, वर पाहिलं, आणि स्टुलावर चढून छताला तळवा लावला. "निजू दे," म्हणाल्या. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या खालचे मास्तर सगळ्यांशी भांडून चुकलेले. त्यांनी बाळाचं वजन विचारलं, छताला ओल आहे म्हणून कुरकुर केली, आणि मग हळूच बजावलं, की कुशीवर नको, पाठीवर निजवा. एक घर बंद होतं. सासूबाईंनी दाराला गाल लावून रिकाम्या खोल्यांना सगळं सांगितलं. दातांच्या दवाखान्यात खुर्चीतल्या पेशंटला बोलता येत नव्हतं. त्यानं तोंड उघडं ठेवून हात तेवढा वर केला. माझी लाज कुठल्या मजल्यावर गळून पडली ते कळलंच नाही. सगळी बिल्डिंग हात उंचावून उभी आहे आणि वर कुठेतरी माझी पोर आहे, असं वाटू लागलं.

तळाशी पार्किंग, सगळं सिमेंटचं. सासूबाई पायानं चाचपडत फिरल्या, पण माती कुठेच नाही. तेव्हा मला लिफ्टचा खड्डा आठवला. लिफ्ट थांबते त्याच्याही खाली एक खड्डा असतो. आमच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात एक चीर आहे. मी ती कितीदा बुजवली, तरी तिथून जमीन पाझरतेच. मी लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबवली, तिची वीज बंद केली, पाटी लावली आणि शिडीवरून त्यांना खाली उतरवलं.

त्यांनी ओल्या चिरेवर तळवा ठेवला. वर अंधार होता, दोर निश्चल होते, आणि मजल्यामजल्यावर दाराच्या फटीतून उजेडाची एकेक रेघ आत येत होती. इतकी वर्षं मी इथं फक्त ग्रीस पाहिलं होतं. सासूबाई आधी त्यांच्या भाषेत बोलल्या. मग मलाही कळावं म्हणून आमच्या भाषेत म्हणाल्या, "थोरला तुझ्याकडे निजलाय. धाकटी वर निजेल. तिला वरच राहू दे."

मी शिडी धरून रडलो. त्याला पुरून आलो तेव्हापासून तो माझ्या लेखी कुठेच नव्हता. तो कुणाच्या तरी जवळ आहे, हे मनात पहिल्यांदाच आलं.

वर येऊन मी हिला सगळं सांगितलं. मग तिनं आईला विचारलं, "तो एकटा नाही ना गं?"

"नाही पोरी. ती म्हातारी निजलेलं पोर मांडीवरून खाली ठेवत नाही."

हिनं जमिनीवर दुपटं अंथरलं. बाळाला पाठीवर ठेवलं, डोक्याखालचा हात जरा वेळ तसाच राहू दिला, आणि काढून घेतला. एवढी मोठी जागा मिळालेली पाहून बाळानं हातपाय ताणले. ही शेजारीच आडवी झाली. बाळ छताकडे बघत जागंच होतं, झोप लागली ती हिला.