चौलच्या बाजारातली मफी

अरे, सुयशचं काय झालं ऐका ना! इथे आखातात, अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर आहे तो. शिफ्ट संपल्या संपल्या गाडी पिटाळत झिंजला पोचला, चारुलताकाकूंच्या फ्लॅटवर. काकू म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या सर्वेसर्वा. आज त्यांना त्याचं नाटुकलं आवडलं तर स्टेजवर पंधरा मिनिटं, नाही तर खलास, तो वेळ लेझीमवाल्यांना! आणि पठ्ठ्यानं जन्मात पहिल्यांदाच काहीतरी लिहिलेलं.

गोष्ट अशी, की पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी एक अरब प्रवासी चौल बंदरात उतरतो नि शहर बघून थक्क होतो. प्रवासी झालेला उबेद, मूळचा चौलशेजारच्या रेवदंड्याचा, इथे अकरा वर्षं गोदामात क्लार्क. मडकीवाली झालेली त्याची धाकटी बहीण, आतिका.

उबेदनं डोक्याला टॉवेल गुंडाळला नि सुरू झाला, "हे नगरी! तुझ्या उत्तुंग प्रासादांनी माझे नेत्र दिपले..." अशी सलग तीन पानं! सुयश सोबत ओठ हलवतोय, आणि काकूंनी घड्याळ बघितलं. मग परत बघितलं.

आता प्रवाशाचा धक्का लागून मडकं फुटतं. त्यानं हात जोडून म्हणायचं, "माफी!" बस, एवढंच. पण गोदामात कुणी काही मागितलं की "नाहीये" म्हणायला दिवसभर तोंडात एकच अरबी शब्द! उबेद छाती पुढे काढून बोलला, "मफी!"

सुयशनं कपाळावर हात मारला. पण आतिका थांबतेय कसली!

"मफी? अरे मेल्या, खापऱ्या तुझ्या पायात पडल्यायत नि मडकं नाय म्हणतोस?"

"मफी... मफी!" उबेद पार गडबडला.

"मग हे काय फुटलं, तुझ्या बापाचं टक्कल?"

"आतिका, अब्बांवर जायचं नाय हां!"

काकू हसून हसून सोफ्यावर आडव्या. "यल्ला, पुढे!"

पुढे कुठलं? पुढे प्रवाशाचं आणखी एक भाषण.

"काकू, ते चुकून झालं," सुयश घाईघाईनं म्हणाला. "शब्द माफी आहे."

"अरे, परक्या माणसाला मराठी कुठून येणार? त्याला शहर असंच दिसणार, शिव्या खात, अर्धंमुर्धं कळत."

"आणि माझी तीन पानं?"

"राहू देत की. मी लेझीमवाल्यांना फोन करते."

तीन सुट्ट्या घातल्या होत्या हो त्या पानांवर! उबेद हळूच म्हणाला, "भाई, बोटीतून उतरलेला माणूस आधी पाणी मागतो. प्रासाद-बिसाद मागनं."

सुयशनं एकदा पानांकडे बघितलं, एकदा काकूंच्या हातातल्या फोनकडे. मग तिन्ही पानं उलटी केली नि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"आतिका, मडकं फुटलं. आता सोडतेस त्याला?"

"सोडते? विहिरीवर पाठवते पाणी भरायला! शहर बघायचंय ना? बघू दे डोक्यावर हंडा घेऊन!"

"हळू बोल, हळू," सुयश भराभर लिहीत म्हणाला.